जेट विमानांचे गाव

शेतात काम करता करता वर पाहिले, तर कधी कधी आभाळात एक पांढरी रेघ उमटत जाताना दिसते. रेघेच्या टोकाला चांदीच्या ठिपक्यासारखे काहीतरी सरकत असते. आवाज मागाहून येतो. ते जेट विमान. जुन्या विमानाच्या नाकावर मोठा पंखा गरगर फिरे. ह्याला बाहेरून तसा पंखा नाही. मग हे पुढे जाते कसे?

हा प्रश्न पुष्कळांना पडतो. आम्हालाही पडला होता. इंग्लंडात जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही ठरवून एका गावी गेलो. ज्या माणसाने तिकडे ह्या इंजिनाची कल्पना काढली, त्याचे ते जन्मगाव. तिथे जुन्या लढाऊ विमानांचे संग्रहालय आहे. मोडलेली, गंजलेली जेट विमाने आणून तिथे दुरुस्त करून ठेवली आहेत. तिथे जे पाहिले आणि ऐकले, ते तुम्हाला सांगतो.

गावाचे नाव कॉव्हेंट्री. लंडनपासून सुमारे दीडशे किलोमीटर. आगगाडीने तासाभरात पोचता येते. हे कारागिरांचे गाव. आधी इथे रेशमी फिती विणत, घड्याळे बनवीत. मग सायकली बनू लागल्या, मग मोटारी, मग विमाने. ज्याच्या हातात पाना आणि कानस, त्याला ह्या गावात काम मिळायचे.

पण कारखाने असलेल्या गावावर लढाईत शत्रूचा डोळा असतो. १४ नोव्हेंबर १९४० ची रात्र. चांदणे लख्ख पडले होते. जर्मनीची सुमारे पाचशे विमाने एकामागून एक आली आणि रात्रभर बॉम्ब टाकत राहिली. साडेपाचशेंहून अधिक माणसे मेली. हजारो घरे पडली. गावाचे जुने मोठे चर्च जळाले. आम्ही आधी तिथे गेलो. चर्चच्या चारी बाजूंच्या भिंती उभ्या आहेत, वर छप्पर नाही. पाऊस सरळ आत पडतो. लोकांनी ते पडके चर्च तसेच ठेवले आणि शेजारी नवे बांधले. ते १९६२ साली उघडले. आगीत जळालेल्या छपराच्या दोन तुळया बांधून त्यांचा क्रूस केला, तोही जपून ठेवला आहे. विमाने पाहायला निघालेल्या माणसाने आधी हे पाहावे, असे आमचे मत आहे. विमान म्हणजे नुसती मौज नव्हे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

संग्रहालय शहराबाहेर, बॅगिंटन नावाच्या खेड्याजवळ, विमानतळाच्या कडेला आहे. नाव मिडलंड एअर म्युझियम. हे सरकारी नाही बरं का! १९६७ साली विमानांचे वेड असलेल्या काही मंडळींनी एकत्र येऊन ह्या कामाला आरंभ केला. आजही तिथे राबणारी बरीच माणसे बिनपगारी. कोणी कारखान्यातून निवृत्त झालेले, कोणी हवाईदलातून. तिकिटाचे पैसे आणि लोकांनी दिलेली देणगी ह्यांवर गाडा चालतो.

आत शिरलो, तर आठवडी बाजारात जनावरे उभी करतात तशी विमाने गवतावर उभी! काही मोठी, काही अगदी लहान. काहींचे रंग ताजे, काहींचे उडालेले. एक मोठी इमारत आहे. तिच्यात इंजिने, चित्रे आणि आणखी काही विमाने. ह्या इमारतीला फ्रँक व्हिटल ह्यांचे नाव दिले आहे. आपली गोष्ट त्यांचीच.

ठेंगणा पोरगा

फ्रँक व्हिटल १ जून १९०७ रोजी कॉव्हेंट्रीत जन्मले. बाप यंत्रकामगार. पुढे बापाने जवळच्या लेमिंग्टन गावी एक लहानसा कारखाना घेतला. पोरगा शाळेतून आला की तिथे हात काळे करायचा. शाळेच्या अभ्यासापेक्षा सार्वजनिक वाचनालयात बसून विमानांची आणि यंत्रांची पुस्तके वाचण्यात त्याचा जीव जास्त रमे.

पंधरा वर्षांचा झाला, तेव्हा त्याने हवाईदलात शिकाऊ कारागीर म्हणून अर्ज केला. लेखी परीक्षा पास झाला. पण डॉक्टरांनी मापे घेतली. उंची जेमतेम पाच फूट, छातीही भरत नव्हती. "घरी जा," म्हणाले.

तो घरी गेला खरा, पण स्वस्थ बसला नाही. तिथल्या एका व्यायामशिक्षकाला त्याची दया आली. त्याने पोराला खाण्यापिण्याचा आणि कसरतीचा नेम घालून दिला. सहा महिन्यांत पोराची उंची तीन इंच वाढली, छातीही तेवढीच भरली. पुन्हा गेला. उत्तर मिळाले, एकदा नाकारलेल्याला आम्ही पुन्हा घेत नाही. आता काय करावे? त्याने पहिल्या अर्जाचे नावच काढले नाही, सगळे नव्याने केले, आणि १९२३ साली तो भरती झाला.

तीन वर्षे पत्रे कापणे, खिळे मारणे, यंत्रे जोडणे हे काम तो शिकला. हात हुशार आणि गणित पक्के. म्हणून थोड्या निवडक पोरांबरोबर त्याला अधिकारी होण्याच्या शाळेत पाठवले. तिथे तो विमान चालवायला शिकला. उत्तम चालवायचा, पण धाडसही फार करायचा, म्हणून वरिष्ठांची बोलणी खायचा.

१९२८ साली, एकवीस वर्षांचा असताना, त्याने शाळेसाठी एक निबंध लिहिला. त्यात म्हटले, पुढची विमाने फार उंचावरून जातील, कारण तिथे हवा विरळ असते आणि विमानाला अडवीत नाही. ती तासाला आठशे किलोमीटर जातील. त्या वेळी तिथली लढाऊ विमाने अडीचशेच्या आसपास जात. पण अडचण अशी, की विरळ हवेत पंख्याला पकड मिळत नाही. पाणी उथळ असले की वल्हे जसे नुसतेच फिरते, तसे ते. तेव्हा पंखा नको, दुसरे काही हवे. ते दुसरे काय, हे त्याला १९२९ साली सुचले. तेच जेट इंजिन.

पाच पौंड

कल्पना घेऊन तो हवाई खात्याच्या मोठ्या लोकांकडे गेला. त्यांनी कागद पाहिले. म्हणाले, हे होणे नाही. इतकी उष्णता सोसणारी धातू कुठे आहे?

व्हिटलने जानेवारी १९३० मध्ये पेटंटचा अर्ज केला. पेटंट म्हणजे काय ते सांगतो. एखाद्याने नवी युक्ती काढली, तर ती त्याचीच आहे असा सरकार दाखला देते. दुसऱ्याला त्याला विचारल्याशिवाय, मोबदला दिल्याशिवाय, ती वापरता येत नाही. जमिनीचा सातबारा असतो ना, तसा हा युक्तीचा सातबारा समजा. मात्र हा दाखला मुदतीवर फी भरून चालू ठेवावा लागतो.

मुदत जानेवारी १९३५ मध्ये आली. फी होती पाच पौंड. त्या काळच्या भावाने सुमारे सदुसष्ट रुपये. व्हिटल तेव्हा केंब्रिजला शिकत होता. घरी बायको, दोन लहान मुले. त्याने खात्याला विचारले, ही फी तुम्ही भराल का? खात्याने नाही म्हटले. व्हिटलजवळ पाच पौंड सहज टाकण्यासारखी स्थिती नव्हती. आणि आपल्या युक्तीला कोणी विचारील, ही आशाही त्याची तेव्हा सुटत आली होती. फी भरली नाही. दाखला गेला.

आज जगभर रोज हजारो जेट विमाने उडतात. त्या युक्तीचा दाखला पाच पौंडांवाचून गेला! संग्रहालयात हे वाचले तेव्हा आम्ही त्या फलकापुढे बराच वेळ उभे होतो. तलाठ्याच्या कचेरीत, कोर्टात, मुदत चुकल्याने काय काय हातचे जाते, ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे तर माणूस शिकलेला होता, कागद वाचता येत होता, मुदतही माहीत होती.

गंमत पाहा. त्याच वर्षी, थोड्याच महिन्यांनी, हवाईदलातला एक जुना सोबती व्हिटलला भेटला. तो आणि त्याचा भागीदार पैसे उभे करायच्या खटपटीला लागले. १९३६ साली पॉवर जेट्स नावाची लहानशी कंपनी निघाली. भांडवल थोडे, जागा भाड्याची, माणसे मूठभर.

१२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी गावच्या कारखान्यात पहिले इंजिन सुरू केले. सुरू होताच ते किंचाळू लागले. आवाज चढत गेला. व्हिटलने तेलाची कळ बंद केली, तरी वेग वाढतच राहिला. आता हे फुटणार, असे वाटून माणसे वाट फुटेल तिकडे पळाली. व्हिटल एकटा इंजिनापाशी उभा राहिला. थोड्या वेळाने ते आपोआप मंदावले. नंतर कळले, गळालेले तेल इंजिनाच्या पोटात साचले होते, ते संपेपर्यंत जळत राहिले. कळ बंद करून काय उपयोग?

पुढे दोन वर्षे हेच चालू होते. आज पाती तुटली, उद्या धातू वितळली. जे भाग बिघडत त्यांतलेच चांगले वेचून पुन्हा वापरायचे, कारण नवे घ्यायला पैसा नाही. १९३९ च्या उन्हाळ्यात खात्याचा मोठा अधिकारी आला. त्याच्यासमोर इंजिन नीट चालले, तेव्हा कुठे सरकारला पटले.

तोवर जर्मनीत हान्स फॉन ओहाइन नावाच्या तरुणाने आपल्या परीने असेच इंजिन केले होते. त्याला एका विमान बनवणाऱ्या मालकाचा पैसा आणि कारखाना लाभला. त्याचे विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले. जगातले ते पहिले जेट उड्डाण. पाचच दिवसांनी दुसरे महायुद्ध सुटायला सुरुवात झाली.

व्हिटलच्या इंजिनाचे विमान १५ मे १९४१ रोजी संध्याकाळी उडाले. सतरा मिनिटे वर राहिले. ते विमान आता लंडनच्या विज्ञान संग्रहालयात टांगलेले आहे.

आत काय चालते

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ.

फुगा फुगवा. तोंड न बांधता सोडून द्या. हवा मागे सुटते आणि फुगा पुढे पळतो. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते, तेही तसेच. एकाला एका बाजूला ढकलले, की ढकलणाऱ्याला उलट बाजूला रेटा बसतो. विमानाचा धूर मागच्या हवेवर आपटतो आणि म्हणून विमान पुढे जाते, असे कोणी कोणी सांगतात. ते खरे नाही. फुग्याला मागे भिंत लागते का? रेटा मिळतो तो हवा बाहेर फेकण्यातूनच.

फुग्यातली हवा क्षणात संपते. इंजिनाला मात्र तासन् तास हवा फेकायची असते. ह्यासाठी इंजिन म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले एक नळकांडे करतात. पुढच्या तोंडाशी पात्यांचे चाक असते. ते बाहेरची हवा ओढून घेते आणि दाबून लहान जागेत कोंबते. मग त्या दाबलेल्या हवेत तेल फवारून पेटवतात. हे तेल कोणते माहीत आहे? आपल्या घासलेटाचाच शुद्ध केलेला भाऊबंद! लोहाराने भाता मारला की निखारा कसा पांढरा होतो? इथे भाता कधी थांबतच नाही. हवा भयंकर तापते, फुगते आणि मागच्या तोंडातून जोराने बाहेर पडते. विमानाला पुढे रेटा बसतो.

मग पुढचे चाक फिरवतो कोण? खरी युक्ती इथे आहे. बाहेर पडणाऱ्या त्या वायूच्या वाटेत आणखी एक पात्यांचे चाक ठेवलेले असते. पाणचक्की पाण्याने फिरते, तसे हे चाक त्या तापलेल्या वायूने फिरते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर बसवलेली. मागचे फिरले की पुढचे फिरते, पुढचे फिरले की आणखी हवा येते. एकदा सुरू करून दिले, की तेल आहे तोवर आपले आपण चालते. व्हिटलच्या पहिल्या विमानाच्या इंजिनात हे चाक मिनिटाला सोळा हजारांवर फेरे घेई, आणि तेही आगीच्या तोंडात. खात्याचे लोक धातूबद्दल शंका काढत होते, ते काही अगदीच अडाण्यासारखे नव्हते. त्यांची चूक इतकीच, की धातू सुधारू शकते हे त्यांनी धरले नाही.

आणि ती पांढरी रेघ? तेल जळते तेव्हा त्यातून पाण्याची वाफही निघते. वर थंडी इतकी असते, की वाफेचे बारीक बारीक बर्फाचे कण होतात. तो धूर नव्हे.

व्हिटलचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. त्याच्या इंजिनावर आधारलेले मिटिऑर नावाचे लढाऊ विमान जुलै १९४४ मध्ये इंग्लंडच्या हवाईदलात दाखल झाले. त्याच वर्षी सरकारने त्याची कंपनी ताब्यात घेतली. मोठे कारखाने इंजिने बनवू लागले आणि ज्याने सुरुवात केली तो बाजूला पडला. अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली, मनही खचले. १९४८ साली त्याला 'सर' ही पदवी आणि एक लाख पौंडांचे बक्षीस मिळाले. उतारवयात तो अमेरिकेत जाऊन राहिला. ओहाइनही युद्धानंतर तिकडेच गेला होता. १९६६ साली दोघांची भेट झाली आणि पुढे दोस्तीही जमली. १९९१ साली अभियंत्यांचे एक मोठे बक्षीस दोघांना वाटून मिळाले. व्हिटल ऑगस्ट १९९६ मध्ये वारले. कॉव्हेंट्रीच्या चौकात त्यांचा पुतळा आहे. मान वर करून आभाळाकडे पाहणारा.

लाकडाचे जेट

आता बाहेर गवतावर आणि इमारतीत ठेवलेल्या विमानांकडे वळू. सगळ्यांची नावे सांगत बसत नाही, कंटाळाल.

आम्हाला सर्वांत आवडले ते व्हॅम्पायर. लहानसे, अंड्याच्या आकाराचे धड आणि मागे दोन लांब दांडे. ह्याचे धड लाकडी आहे, असे आम्हाला सांगितले तेव्हा खरे वाटेना. पण ते खरे आहे. आत हलके बाल्सा लाकूड आणि दोन्हीकडून पातळ प्लायवूड, असे चिकटवून धड केलेले. पंख मात्र धातूचे. युद्धात लाकडी विमाने बनवण्यात ह्या कारखान्याचा हात बसला होता, तोच त्यांनी जेटला लावला. १९४३ साली हे पहिल्यांदा उडाले. तासाला साडेआठशे किलोमीटरच्या आसपास जायचे.

ह्या विमानाशी आपलेही नाते आहे. भारताने १९४८ साली आपली पहिली जेट विमाने घेतली, ती व्हॅम्पायरच. पुढे बंगळूरच्या कारखान्यातही ती बांधली. पण यंत्राचे वय माणसापेक्षा लवकर होते. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबच्या रणांगणावर आपले पायदळ संकटात होते. हाताशी होती ती जुनी व्हॅम्पायर पाठवली गेली. समोर पाकिस्तानची सेबर विमाने, कितीतरी नवी. त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर पडली. त्यानंतर त्यांना आघाडीवर पाठवणे बंद केले. संग्रहालयात रंगवून, पुसून ठेवलेले व्हॅम्पायर फार गोंडस दिसते. पण आमच्या डोळ्यांपुढे ती चार विमाने आली.

अशी विमाने दुरुस्त कशी करतात? आम्ही तिथल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारले. निळा अंगरखा, हाताला ग्रीस. जन्मभर विमानाच्या कारखान्यात काम केलेले.

"आधी पाणी शोधायचे," ते म्हणाले.

"पाणी?"

"हो. विमानाचा शत्रू गोळी नव्हे, पाऊस. इथे बारा महिने झिमझिम असते. पाणी सांध्यात जाऊन बसते. लाकूड कुजते. ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते. वरून रंग चांगला दिसतो, आतून पत्रा पोकळ."

मग त्यांनी सगळे दाखवले. जुना रंग खरवडायचा. खालून पूर्वीचे रंग आणि नंबर निघतात, त्यांवरून विमान कुठे कुठे होते ते कळते. म्हणून खरवडणारा हळू खरवडतो आणि चित्रे काढून ठेवतो. कुजलेल्या पत्र्याचे रिव्हेट एक एक करून भोक पाडून काढायचे. पत्रा कापून तेवढाच नवा तुकडा बसवायचा. बैठकीवरचे पारदर्शक झाकण उन्हाने पिवळे पडलेले असते, ते घासून घासून स्वच्छ करायचे. पक्ष्यांची घरटी काढायची. एखादा भाग मिळालाच नाही, तर दुसऱ्या संग्रहालयाला पत्र लिहायचे. त्यांच्याकडे जास्तीचा असतो, आपल्याकडचा त्यांना हवा असतो, मग अदलाबदल.

"इतके करून हे उडेल का?" आम्ही विचारले.

ते हसले. "उडवायचे म्हटले तर खर्च शंभरपट. आम्हाला ते उभे ठेवायचे आहे. पोरांना हात लावून पाहता आला पाहिजे."

"किती दिवस लागतात एका विमानाला?"

"दिवस? वर्षे म्हणा. आम्ही आठवड्यातून दोनदा येतो. आमच्यातले दोघे सुरुवात करून गेले, शेवट बघायला राहिले नाहीत."

एवढे बोलून ते पुन्हा कामाला लागले. आम्हालाही आणखी काही विचारवेना.

पलीकडे कॅनबेरा नावाचे मोठे विमान होते. हे बॉम्ब टाकणाऱ्यांच्या आणि उंचावरून छायाचित्रे घेणाऱ्यांच्या जातीचे. १८ डिसेंबर १९६१ रोजी पहाटे गोवा मुक्त करण्याची मोहीम सुरू झाली. त्या सकाळी आपली बारा कॅनबेरा विमाने पुण्याहून उडाली आणि त्यांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. बांबोळीचे बिनतारी केंद्र हंटर जातीच्या विमानांनी बंद पाडले. दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा झाला. पणजीच्या आणि वास्कोच्या म्हाताऱ्या माणसांना ते आवाज अजून आठवत असतील. कॅनबेरा आपल्या हवाईदलात २००७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे होते. हंटरही ह्या संग्रहालयात आहे. १९७१ साली लोंगेवालाच्या वाळूत शत्रूचे रणगाडे ह्याच जातीच्या विमानांनी मोडले.

इंग्रजांच्या विमानांत एक परके विमानही उभे होते. रशियन बनावटीचे मिग-२१. इकडच्या लोकांना हे शत्रूकडचे, म्हणून कुतुहलाचे. आम्हाला मात्र परमुलखात गाववाला भेटल्यासारखे झाले. नाशिकजवळ ओझरला हेच विमान बनत असे. तिथला कारखाना १९६४ साली निघाला. विमानाचे धड ओझरला, इंजिन ओरिसात कोरापूटला, आणि आतली विजेची उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी होती. भारतात सहाशेंहून अधिक मिग-२१ बांधली गेली. निफाड, दिंडोरी तालुक्यांतल्या कित्येक घरांचा संसार ह्या विमानावर चालला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला समारंभ करून हवाईदलाने त्याला निरोप दिला.

पोटाखालचे दार

शेवटी गेलो व्हल्कनकडे. हे विमान दुरूनच दिसते. पंख त्रिकोणी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौतीस मीटर. त्याच्या पंखाखाली आपल्याकडच्या चार-पाच बैलगाड्या सहज उभ्या राहतील. चार जेट इंजिने पंखांच्या मुळाशी दडवलेली. ह्या विमानाला 'कॉव्हेंट्री शहर' असे नाव दिले आहे. लोक हौसेने त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात.

व्हल्कन कशासाठी केले? अणुबॉम्ब टाकण्यासाठी. ज्या गावाची एका रात्रीत राख झाली, त्याच गावाचे नाव दुसरी गावे जाळायला केलेल्या विमानावर आहे. हे आम्हाला खटकले. तिथे कोणाला खटकलेले दिसले नाही. सुदैवाने ते काम व्हल्कनला कधी करावे लागले नाही. १९८२ साली फॉकलंड बेटांच्या लढाईत मात्र ह्या जातीच्या विमानांनी साधे बॉम्ब टाकले, आणि १९८४ पर्यंत सगळी निवृत्त झाली.

व्हल्कनमध्ये पाच माणसे बसत. पुढे दोन वैमानिक. मागे, पाठ पुढे करून, तिघे जण. ते वाट आणि निशाणा पाहत आणि यंत्रे सांभाळत. वैमानिकांना उडत्या खुर्च्या दिलेल्या होत्या. ही खुर्ची मोठी चतुर असते. संकट आले की कळ ओढायची. खालचे काडतूस उडते, खुर्चीसकट माणूस विमानाबाहेर फेकला जातो आणि छत्रीने खाली येतो. हजारो वैमानिकांचे प्राण अशा खुर्च्यांनी वाचले आहेत.

मागच्या तिघांना ही खुर्ची नव्हती. त्यांनी उठायचे, पोटाखालचे दार उघडायचे, आणि त्यातून खाली घसरून उडी टाकायची. विमान उंचावर असेल तर ठीक. जमिनीजवळ असेल तर तेवढा वेळ कुठला? शिवाय चाके खाली काढलेली असली, तर दाराच्या अगदी मागेच पुढच्या चाकाचा जाड खांब येतो.

१ ऑक्टोबर १९५६ रोजी लंडनच्या विमानतळावर पावसात उतरताना एक व्हल्कन धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला घासले. पुढच्या दोघांनी कळ ओढली आणि ते वाचले. मागच्या चौघांना, त्या दिवशी एक जण जास्त होता, बाहेर पडता आले नाही. चौघेही गेले. पुढे मागच्यांनाही खुर्च्या बसवाव्यात अशी मागणी झाली. बसवता येतात, हे दाखवूनही झाले. पण खर्च फार आणि वेळ फार, म्हणून ते राहून गेले. विमान निवृत्त होईपर्यंत मागचे तिघे तसेच बसत राहिले.

आम्ही खाली वाकून ते दार पाहिले. लहानसेच आहे. शिडी लावून त्यातून वर जातात. अंगावर जाड कपडे आणि पाठीला छत्री बांधलेल्या माणसाला ते पुरेसे होत असेल का, हे आम्हाला सांगता येत नाही. दाराच्या कडेचा रंग नुकताच दिलेला होता. बोट लावले तर अजून थोडा चिकटत होता.